अण्णांच्या वहीतला माझा प्रबंध

अण्णा,

तुम्ही गेल्यावर आमच्या सांत्वनाला आलेली माणसं हसत परत गेली, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

ओसरीत सतरंजी अंथरलेली, तुमच्या फोटोला पांढऱ्या फुलांचा हार, आणि समोर पंधरा-वीस माणसं तोंडाला पदर नाहीतर रुमाल लावून हसू दाबत होती. सुरुवात हिराबाईंनी केली. मागच्या गल्लीतल्या हिराबाई, ज्यांचं आयुष्य दुसऱ्यांच्या उसात खुरपणी करण्यात गेलं आणि ज्या विहारात नेहमी पहिल्या ओळीत बसतात. त्या म्हणाल्या, "गुरुजींनी आमाला थंडी शिकवली. मी म्हनलं, गुरुजी, लई तर लई बर्फावानी आसंल. तर म्हनले, हिराबाई, सूनबाईच्या मशिनीपुढं बर्फ म्हंजी तापलेला तवा." मग एकेकाला तुमचं काही ना काही आठवत गेलं. संदीप तुम्ही गेल्यापासून धड जेवला नव्हता. तुमच्या मुलाला तुम्ही ओळखता, तो रडत नाही, नुसता गप्प होतो. तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला आणि थोड्या वेळानं आत येऊन म्हणाला, "सुजाता, काही खायला आहे का?"

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. लोक मला विचारतात, सासऱ्यांशी तुझं एवढं काय होतं? मी सांगते, आमचं भांडण होतं. सहा वर्षं चाललेलं, मराठी शब्दांवरचं.

ते कसं सुरू झालं ते तुम्ही जगाला रंगवून सांगायचात, पण खरं असं झालं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुमच्या कट्ट्यावरच्या मित्रांनी तुम्हाला विचारलं, सून पुण्यात काय करते? तुम्ही म्हणालात, तारांवर काम करते. त्यावर कुणीतरी अगदी भाबडेपणानं विचारलं, "बोर्डात हाय का? वायरमन?" तुम्ही तसेच उठून घरी आलात. मी ओसरीत शेंगा फोडत बसले होते. तुम्ही चपला काढल्या आणि म्हणालात, "आयुष्यभर मराठी शिकवली आणि घरातल्या माणसाचं काम मराठीत सांगता येईना. कमाल आहे. सांग, काय करतेस तू."

मी टाळायला बघितलं. म्हटलं, अण्णा, फार किचकट आहे. तुम्ही माझ्यासमोर बसलात, शेंगांचं सूप स्वतःकडे ओढलंत आणि फोडायला लागलात. म्हणजे ऐकल्याशिवाय उठणार नव्हतात.

मग मी सांगितलं. एक तार असते, आपल्या केसाहून हजारपट बारीक. ती अर्धवाहकाची असते, म्हणजे वीज नीट वाहूनही नेत नाही आणि पुरती अडवतही नाही अशा पदार्थाची. तिच्या एका अंगावर आम्ही अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवतो.

"अ‍ॅल्युमिनियम? पातेल्यांचं?"

"हो, तेच."

तुम्ही स्वयंपाकघराकडे बघितलंत. तिथे आईंच्या हातचं, तळाला पोचे आलेलं भाताचं पातेलं पालथं घातलेलं होतं. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मग मी पुढे सांगितलं की हे अ‍ॅल्युमिनियम उणे दोनशे बहात्तर अंशांपर्यंत थंड केलं की त्यातले इलेक्ट्रॉन जोड्या करून चालायला लागतात, आणि मग विजेला विरोधच होत नाही. तार तापत नाही, वीज वाया जात नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. अ‍ॅल्युमिनियमला चिकटलेल्या त्या अर्धवाहक तारेतही हा गुण उतरतो. तिचा स्वतःचा तो नव्हे, पण नुसतं लागून असल्यामुळे तिच्यातही जोड्या शिरतात.

शेंगा फोडायच्या थांबल्या होत्या. मग म्हणालात, "हे आमच्या पातेल्यात होतं आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही आणलीत. पहिल्या पानावर निळ्या शाईत माझं नाव, त्याखाली माझ्या प्रबंधाचा विषय इंग्रजीत, आणि त्याखाली मराठीत लिहायला तीन ओळी मोकळ्या. त्या ओळी भरायला तुम्हाला सात महिने लागले.

अण्णा, त्या सात महिन्यांतल्या बुधवारांसाठी मी तुमची किती ऋणी आहे, हे तेव्हा मला कळत नव्हतं. संदीप सुप्याच्या कारखान्यात, मी पुण्यात, तुम्ही राहुरीजवळच्या देवळालीत एकटे. शनिवार-रविवार आपण तिघं एकत्र. पण बुधवारी संध्याकाळी तुमचा फोन ठरलेला. तब्येतीची चौकशी एका वाक्यात आटोपायची आणि मग शब्दांची यादी सुरू. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून ऐकायचे. माझ्या सोबतची मुलं विचारायची, कुणाचा फोन? मी सांगायचे, सासऱ्यांचा. त्यांना वाटायचं, बिचारीला सासरचा त्रास आहे.

त्रास होताच म्हणा. 'अतिवाहकता' हा पुस्तकातला शब्द तुम्हाला पसंत नव्हता. "मराठीत 'अति' लागलं की ती तक्रार होते," तुमचं म्हणणं. "अतिशहाणा, अतिप्रसंग. ही तर कौतुकाची गोष्ट आहे." मी विचारलं, मग काय म्हणायचं? तुम्ही जणू त्याचीच वाट बघत होतात. "बिनविरोध वहन."

मी जिन्यात मोठ्यानं हसले. म्हटलं, अण्णा, ही काय सोसायटीची निवडणूक आहे?

"का? विरोध शून्य, म्हणजे बिनविरोध. व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष आहे."

"पण आपल्या जिल्ह्यात बिनविरोध निवडणूक होते तिच्या आत किती विरोध असतो, तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे. म्हणून तर थंडी लागते. डोकी थंड केल्याशिवाय कुठलीही निवड बिनविरोध होत नाही. तुझं अ‍ॅल्युमिनियम त्याला अपवाद कसं असेल?"

मी पुढे दोन परिषदांमध्ये ही गोष्ट इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. कुणालाही हसू आलं नाही. ती आपलीच राहिली.

'हायब्रीड'साठी तुम्ही तीन आठवडे घालवलेत. संकरित म्हणावं तर गाय आठवते, मिश्र म्हणावं तर शेव-चिवडा. शेवटी विहाराच्या पायरीवर तुम्ही हिराबाईंना विचारलंत आणि त्या म्हणाल्या, "हायब्रीड म्हना की सरळ. आमी काय हायब्रीड ज्वारी खाल्ली न्हाई का?" तुम्ही घरी येऊन वहीत तोच शब्द लिहिलात, लाल शाईनं अधोरेखित केलात आणि पुढे कंसात लिहिलंत, 'हिराबाई'.

मग पावसाळ्यातल्या वर्षावासात तुम्ही जे केलंत त्याला मी तेव्हा विरोध केला होता. विहारात तीन महिने रोज संध्याकाळी वंदनेनंतर ग्रंथवाचन चालायचं. दर रविवारी ते संपलं की पंधरा मिनिटं तुम्ही माझा प्रबंध वाचणार, असं तुम्ही मला न विचारता जाहीर केलंत. मी म्हटलं, अण्णा, तिथे दिवसभर राबून आलेली माणसं असतात. त्यांना नॅनोतारांचं काय? तुम्ही माझ्याकडे वर्गातल्या पोरीकडे बघावं तसं बघितलंत. "तुझ्या तारा समजायला त्यांना काय कमी आहे? शब्द कमी होते. ते मी आणलेत."

पहिल्या रविवारी मी भिंतीला टेकून खाली मान घालून बसले होते. तुम्ही तारांचा सूक्ष्मदर्शकातला फोटो मोठा करून आणला होता. एका चकतीवर शेकडो तारा उभ्या वाढलेल्या, सरळ, दाट. तो हातोहात फिरला. हिराबाईंनी तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो तर फड हाय उसाचा."

"बरोबर," तुम्ही म्हणालात. "आणि सुजाता त्यातली एकेक कांडी सुईच्या टोकानं उचलून बाजूला ठेवते."

"एवढी बारीक? दिसती का डोळ्याला?"

"डोळ्याला नाही दिसत."

"मग हाय कशावरनं?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी उभी राहिले आणि पहिल्यांदाच, कुठल्याही परीक्षकासमोर न घाबरलेली मी, घाबरत घाबरत बोलायला लागले. इलेक्ट्रॉनांचा झोत, त्याची सावली, त्यातून उमटणारं चित्र. पंधरा मिनिटांचा पाऊण तास झाला. घरी येताना तुम्ही छत्रीची मूठ हातात गोल गोल फिरवत होतात. तुम्हाला आनंद झाला की तुम्ही हेच करायचात.

एवढं सगळं सांगितलं, पण ज्यासाठी लिहायला बसले ते अजून सांगितलेलं नाही.

तिसरं प्रकरण. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं. अशी तार चुंबकाच्या क्षेत्रात ठेवली की तिच्या दोन्ही टोकांशी एक विलक्षण अवस्था तयार होते, असं सिद्धांत सांगतो. एका इलेक्ट्रॉनचे जणू दोन अर्धे भाग, एक या टोकाला, एक त्या टोकाला. ती खरोखर सापडली तर पुढच्या काळातले संगणक तिच्यावर उभे राहतील अशी आशा आहे. तिची खूण म्हणजे मोजणीच्या आलेखात बरोबर शून्यावर उभं राहणारं एक शिखर. जगभर लोक ते शोधत होते. आणि माझ्या एका तारेत ते दिसलं होतं, अगदी रेखीव, चित्रातल्यासारखं. त्यावरचा लेख तयार होता. परदेशातल्या एका प्रयोगशाळेशी माझी पुढच्या कामासाठी बोलणी चालली होती, आणि त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं, हा लेख छापून येऊ द्या, मग ठरवू.

त्या रविवारी सकाळी तुम्ही वही घेऊन ओसरीत बसला होतात. मी चहा घेऊन आले.

"हे वाक्य बघ," तुम्ही म्हणालात. "'आकृतीत एका प्रातिनिधिक उपकरणाचे मापन दाखवले आहे.' प्रातिनिधिक म्हणजे किती जणांचा प्रतिनिधी?"

मी म्हटलं, तशी लिहायची पद्धत असते अण्णा. इंग्रजीत सगळे असंच लिहितात.

"इंग्रजीत काय करतात ते मला माहीत नाही. मराठीत प्रतिनिधी म्हटलं की त्याच्यामागे माणसं असावी लागतात. एकूण किती तारा मोजल्यास तू?"

"बावीस."

"त्यांतल्या कितींत हे शिखर आलं?"

"तीन." मग मीच म्हटलं, "नीट असं एकीतच."

तुम्ही पेनचं टोपण काढलंत. "मग ही प्रतिनिधी नाही. ही अपवाद आहे. 'अपवादात्मक उपकरण' लिहू?"

तुमच्या आवाजात टोमणा नव्हता. तुम्ही खरोखर शब्द विचारत होतात. पण माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही शब्दांचं बघा. भौतिकीचं मी बघते."

तुम्ही टोपण परत लावलंत. "मी शब्दांचंच बघतोय, सुजाता."

मी आत गेले. दुपारच्या बसला निघाले तेव्हा तुम्ही नेहमीप्रमाणे जवसाच्या चटणीची बरणी पिशवीत ठेवलीत. मी तुमच्याकडे न बघता पिशवी घेतली. राहुरी गेली, नगर गेलं, सुपं मागे पडलं, शिरूर येईपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. काय बोलायचं ते सगळं मिळत होतं, फक्त प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं. बावीस, तीन, एक.

त्या बुधवारी तुमचा फोन आला नाही. पुढच्या बुधवारीही नाही. तुम्ही संदीपला फोन करून विचारलंत, "सुजाता जेवते ना वेळेवर?" त्यानं मला ते सांगितलं आणि मी आणखी चिडले.

आता सांगते त्या दिवसांत काय झालं. मी बावीसच्या बावीस तारांचे आलेख छापून काढले आणि प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर ओळीनं मांडले. आधी मी ते कधीच एकत्र बघितले नव्हते. जो आलेख चांगला तो समोर, बाकीचे संगणकाच्या पोटात. एकत्र बघितल्यावर एक गोष्ट दिसली. सिद्धांताप्रमाणे शिखर दोन्ही टोकांना एकाच वेळी दिसायला हवं. माझ्या सुंदर तारेचं दुसरं टोक मी मोजलंच नव्हतं, तिथला जोड खराब होता म्हणून सोडून दिलं होतं. मग मी उरलेल्या दोन तारांतली एक, जिची दोन्ही टोकं शाबूत होती, ती पुन्हा यंत्रात चढवली. यंत्र थंड व्हायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस मी तुमची चटणी आणि पाव खाऊन काढले.

एका टोकाला शिखर होतं. दुसऱ्या टोकाला सपाट रेष.

मी शेजारच्या विद्युतद्वाराचा, म्हणजे तारेतल्या विजेला आवरणाऱ्या पट्टीचा, दाब थोडा बदलला, तर पहिल्या टोकाचं शिखरही सरकलं आणि दुभंगलं. खरं असतं तर ते जागचं हललं नसतं. कुठल्यातरी अशुद्धीमुळे तारेत एक खळगा तयार झाला होता, आणि त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन मला ते शिखर दाखवत होते. म्हणजे शोध लागला नव्हता. शोधासारखं दिसणारं काहीतरी हाती लागलं होतं.

मी माझ्या मार्गदर्शकांना सगळे कागद दाखवले. ते बराच वेळ एकेक आलेख उचलून बघत राहिले. मग म्हणाले, "लेख लहान होईल." मी म्हटलं, हो. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "होऊ दे. छापल्यानंतर कळण्यापेक्षा बरं." त्यांनी एका शब्दानं मला दोष दिला नाही, हे मला इथे लिहून ठेवायचंय. आम्ही लेख नव्यानं लिहिला. असं शिखर त्या विलक्षण अवस्थेशिवायही कसं उभं राहतं, आणि हे बघा आमच्या सगळ्या बावीस तारा. तो एका साध्या नियतकालिकात आला. परदेशातली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

आणि अण्णा, मला वाटलं होतं मी खचून जाईन. तसं झालं नाही. लेख पाठवला त्या सकाळी मी मेसमध्ये चार इडल्या खाल्ल्या आणि वर पुन्हा दोन मागवल्या. कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली होती.

पण हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा तुम्ही वही पुढे केलीत. मागाहून लिहिलेल्या 'अपवादात्मक'वर तुम्ही काट मारली होती आणि 'प्रातिनिधिक' पुन्हा लिहिलं होतं. "तुझा विषय, तुझा शब्द," तुम्ही म्हणालात. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी पिशवीतून नवीन कागद काढले आणि म्हटलं, "अण्णा, या प्रकरणात थोडा बदल झालाय. नव्यानं करावं लागेल." तुम्ही कागद घेतलेत, चष्मा लावलात आणि म्हणालात, "बघतो." बस, एवढंच. त्या बुधवारपासून फोन पुन्हा सुरू झाले, जणू काही झालंच नव्हतं.

वर्षावासाच्या शेवटच्या रविवारी तुम्ही ते नवीन प्रकरण विहारात वाचलंत. वाचून झाल्यावर हिराबाईंनी विचारलं, "मग घावलं का न्हाई ते, गुरुजी?"

"नाही घावलं," तुम्ही म्हणालात. "पण जे घावल्यासारखं दिसत होतं ते खोटं आहे, हे घावलं. आणि ते सूनबाईंनी स्वतः शोधून काढलं. बावीस तारा पुन्हा मांडून बघितल्या. कुणी सांगितलं नव्हतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिराबाई म्हणाल्या, "तेबी कामच हाय. आमच्या मालकाच्या तीन बोअर कोरड्या गेल्या, तवा पानी कुठं न्हाई ते तरी कळलं." सगळे हसले. मीही हसले. आणि गप्प बसले. कुणी सांगितलं नव्हतं, हे तुम्ही भरल्या विहारात म्हणालात आणि मी ते खोटं वाक्य माझ्या अंगावर शालीसारखं घेऊन बसले.

नंतर प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी इंग्रजीत लिहिलं, सासऱ्यांनी दिलेल्या प्रोत्साहनाबद्दल आभारी आहे. तुम्ही तेही भाषांतर केलंत. बुधवारी फोनवर विचारलंत, "इथे 'प्रोत्साहन'च बरोबर ना?" मी जिन्यात बसले होते. म्हटलं, हो अण्णा, बरोबर. तुम्ही म्हणालात, "छान शब्द आहे," आणि पुढच्या शब्दाकडे गेलात.

ज्या माणसानं एका शब्दावरून माझं प्रकरण उलटंपालटं केलं, त्याच्यासाठी मी असा गुळगुळीत, कुणालाही चालेल असा शब्द वापरला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. लाज होती. शिवाय भौतिकीतली चूक भौतिकी न शिकलेल्या माणसानं, चहाचा कप बाजूला ठेवून, पेनचं टोपण काढता काढता दाखवावी, हे मनाला सहज पटत नव्हतं. आणि अशा गोष्टी उद्या सांगता येतात असं वाटतं. तुम्ही तर कायमचे असणार होतात, दर बुधवारी.

शेवटचा बुधवार 'लागण' आणि 'संगत' यांच्यावरून गेला. अ‍ॅल्युमिनियमचा गुण शेजारच्या तारेत उतरतो, त्याला काय म्हणायचं? मी म्हणत होते संगत, तुम्ही म्हणत होतात लागण. मी म्हटलं, लागण रोगाची होते. तुम्ही म्हणालात, तू पुण्यात राहून बिघडलीस, आपल्याकडे लागण उसाची होते. एकदा केली की मूळ धरते. तेव्हा माझ्याकडे हुकमाचं पान होतं. मी म्हटलं, "अण्णा, अ‍ॅल्युमिनियमपासून लांब गेलं की तारेतला गुण कमी होत जातो आणि संपतो. मूळ धरत नाही. म्हणून संगत." फोनवर तुमच्या खुर्चीचा आवाज आला. "हे मला आधी सांगायचं नाही का," तुम्ही म्हणालात. "विचार करतो." आणि शुक्रवारी दुपारी, त्याच खुर्चीत, गेलात.

मी जिंकले की नाही, कळलं नाही. तुम्ही असं अर्ध्यावर काही टाकत नव्हतात कधी.

तुमच्या जलदानविधीच्या दिवशी संदीपनं तुमचं कपाट उघडलं. तुमच्या चार वह्या निघाल्या, एकाखाली एक रचलेल्या. त्याची इच्छा आहे की त्या टाईप करून, बांधून एक प्रत विहारात ठेवावी आणि एक तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात. मी रात्रंदिवस प्रयोगशाळेत असायचे त्या वर्षांत आपल्या घरात माझ्या कामाचं एवढं वाचन चाललं होतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं असावं. तो ऋणनिर्देशाचं पान वाचत होता. मी त्याच्या हातातून ते घेतलं, 'प्रोत्साहनाबद्दल' खोडलं आणि वर लिहिलं, 'तिसऱ्या प्रकरणातील चूक त्यांनी दाखवली, आणि ती मी त्यांना कधी सांगितली नाही.' संदीपनं वाचलं. मला वाटलं, आता विचारेल. तो म्हणाला, "'ती' म्हणजे काय? चूक की चूक दाखवल्याचं? वाक्य संदिग्ध आहे." मग आम्ही दोघंही हसत सुटलो, अण्णा. तुमचाच मुलगा आहे तो. शेवटी वाक्य असं झालं: 'तिसऱ्या प्रकरणातील चूक त्यांनी दाखवली. त्यांच्यामुळे ती सुधारली, हे मी त्यांना कधी सांगितले नाही.'

गेल्या रविवारी वंदनेनंतर मी विहारात उभी राहिले आणि हे पान वाचलं. मग वहीतलं नसलेलंही सगळं सांगितलं. ती सकाळ, तो चहा, माझं ते उद्धट वाक्य, टेबलावर मांडलेले आलेख. त्या टाळ्या माझ्या नव्हत्या, असंही म्हटलं.

मग पहिल्या ओळीतून हिराबाई म्हणाल्या, "आमाला ठावं हुतं."

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

"गुरुजींनी दोनी कागुद मला दावले हुते. आधीचा आन् नंतरचा. म्हनले, हिराबाई, हिथं एक तार हुती, आता बावीस झाल्या. पोरीनं माझं ऐकलं बघा. लई हसत हुते. मी म्हनलं, मग तिला सांगा की, तुमी वळखलं म्हनून. तर म्हनले, न्हाई. तिचं तिला सांगू द्या. तिच्या तोंडून ऐकायला मला लई ग्वाड वाटंल."